राऊतसरांनी स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा

राऊतसर गेल्याची बातमी मला मोबाइलवर, आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटात वाचायला मिळाली. मी पालघरच्या बाजारात वाल निवडत उभी होते. वाचलं, फोन पिशवीत टाकला आणि वालवालीशी उगाच काहीतरी बोलत राहिले. सर नव्वदीला टेकले होते, म्हणजे अनपेक्षित असं काही नव्हतं. तरी घरी आल्यावर कळलं, वाल तिथेच राहिले... त्याला आता महिना होईल.

एकोणीसशे पासष्टच्या सुमाराची गोष्ट. आमची शाळा एडवणला, मी सातवीत. सर केळव्याहून सायकलने येत. वय तिशीच्या आत, सडसडीत अंगकाठी, आणि जे दिसेल त्याबद्दल ‘हे असं का?’ विचारायची खोड. तेव्हा तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि बोईसरला कुठकुठून आलेली माणसं राहू लागली होती. त्यातल्या एका इंजिनियरशी सरांची ओळख झाली. त्याच्याकडे बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर होता. सरांनी तो आठ दिवसांसाठी मागून घेतला आणि गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन एडवणला आणला. मुख्याध्यापकांनी विचारलं, “हे कुठल्या विषयात बसतं?” सर म्हणाले, “तेच बघायचंय.”

यंत्र वर्गात ठेवून त्यांनी पहिल्यांदा काय सांगितलं असेल, तर “हे मला येत नाही. आपण मिळून शिकू.” शिक्षकाला एखादी गोष्ट येत नाही, हे मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पहिल्याच दिवशी फीत गुंतली. मग आम्ही वीसेक मुलांनी व्हरांड्यात रांगेने उभं राहून ती तपकिरी फीत हातात धरली आणि सरांनी ती पेन्सिलीने हळूहळू पुन्हा चाकावर गुंडाळली. कुणी शिंकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला भूगोलाचा तास टेप केला आणि संपल्यावर आम्हाला ऐकवला. पेटीतून सरांचा आवाज आला, “सांगा बरं, भरतीची वेळ रोज का बदलते?” आणि श्वासही न घेता तोच आवाज म्हणाला, “चंद्रामुळे.” पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर, दोन्ही सरांचीच. वर्ग खो खो हसत सुटला. सर हसले नाहीत. त्यांनी फीत मागे फिरवली, पुन्हा ऐकली. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. “मी तुम्हाला बोलूच देत नाही की रे...” एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या तासाला त्यांनी विचारलं, “आज भरती किती वाजता येईल?” आणि गप्प बसले. मुलं चुळबुळ करू लागली. सर तसेच. आता माझं सांगायला हवं. मी मच्छीमाराची मुलगी, वर्गात तोंड उघडत नसे. उघडलं की ‘हाय’, ‘नाय’ बाहेर पडे आणि बाकीचे माझी नक्कल करत. घरी ठरलंही होतं, सातवी झाली की मी आईबरोबर बाजारात बसायचं. पण ती शांतता मला सोसवेना.

“सर, आज पंचम हाय. पावणेचारला पानी पुरं चढंल.”

वर्ग हसला. सरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. “कशावरून?”

“तिथीची पाऊणकी करायची. चौथीला तीन, पंचमीला पावणेचार, आठवीला सहा. माजा बापूस तसंच मोजतो.”

तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब सरांना ठाऊक नव्हता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि साडेतीनला अख्खा वर्ग किनाऱ्यावर नेला. पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. पाणी काठीच्या पुढे चढलं, थबकलं, आणि घड्याळात पावणेचार होऊन पाच-सात मिनिटं झाली असतील, काठी पुन्हा कोरडी पडू लागली. सर वाळूत गुडघे टेकून बसले होते, धोतर ओलं झालेलं. “हिरा,” ते म्हणाले, “मला तुझ्या बाबांकडे ने.”

त्याच संध्याकाळी यंत्र आमच्या अंगणात आलं. बापूस जाळं विणत होता. सरांनी विचारलं तसं त्याने पाऊणकी सांगितली, उधाण सांगितलं, अष्टमीला पाणी मरतं ते भांग सांगितलं. सर मध्ये एक अक्षर बोलले नाहीत. मग त्यांनी फीत ऐकवली. बापूस जाळं खाली ठेवून पेटीजवळ सरकला. “हा मी हाय?”

“तुम्हीच. उद्या हे आठवीच्या वर्गात लावणार आहे. पुस्तकात ‘भांगाची भरती’ असा धडा आहे, तो शब्द तुमच्याच घरातला दिसतोय.”

“माजं बोलनं शाळंत चालतं?”

“चालतं.”

“मंग हिला तितंच ठेवा.” आणि तो पुन्हा जाळ्याकडे वळला. आईने आतून काहीतरी म्हटलं, पण ते बोलणं तिथेच संपलं. टेपरेकॉर्डर ठरल्या दिवशी बोईसरला परत गेला. मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झाले, पुढे शिक्षिका झाले, पालघरला पस्तीस वर्षं शिकवलं. प्रश्न विचारून थांबणं किती अवघड असतं, ते मला तिथे कळलं. मला ते कधीच सरांइतकं जमलं नाही.

गेल्या आठवड्यात केळव्याला सरांच्या घरी जाऊन आले. त्यांच्या खोलीत टेबलाशी हातांची एक खुर्ची आणि एक बुटकं स्टूल होतं. नात मुक्ता म्हणाली, “रोज दुपारी आजोबा मला काहीतरी शिकवायला लावायचे. विषय मी निवडायचा. शिकवणाऱ्याने खुर्चीत बसायचं, शिकणाऱ्याने स्टुलावर, हा त्यांचा नियम. शेवटी शेवटी गुडघे दुखायचे, तरी स्टूल सोडलं नाही.” ती सवयीने खुर्चीत बसली. समोर संगणक चालू होता, पडद्यावर मला न कळणारं काहीतरी हलत होतं.

मी स्टूल पुढे ओढलं आणि बसले.

“हे काय आहे गं?” मी विचारलं. आणि थांबले.