रिकाम्या खाचेतल्या अक्षता

राइट टाउनमधले श्यामसुंदर वडनेरकर तोफगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण कारखाना त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. घरातली कुठलीही वस्तू आधी उघडून आत बघायची आणि मगच वापरायची, असा त्यांचा नियम. पंख्यांना याची सवय झाली होती.

मुलगी लतिका पुण्याला गेली, तिथे तिने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना इकडे राहिला. त्यावर त्यांच्या पत्नी कुंदाताई दर रविवारी नात्यागोत्यातल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेत. हिंदी मुलखात वाढलेल्या या मुलांना मराठी समजते. बोलायची वेळ आली की ती हिंदीत शिरतात. त्यात अलीकडे लॅपटॉप दगा देऊ लागला. तिसरे मूल पडद्यावर आले की सगळ्यांचे चेहरे गोठत. भोपाळच्या विनताने, म्हणजे कुंदाताईंच्या भाचीने, शेवटी सौम्यपणे सांगितले की येत्या रविवारीही असेच झाले तर ती मुलाला चित्रकलेच्या क्लासला घालेल. चित्रकलेत निदान कागद अडकत नाही.

नवा लॅपटॉप घ्यावा, असे लतिका म्हणाली. सुरू असलेले यंत्र भंगारात काढणे श्यामसुंदररावांच्या तत्त्वात बसत नव्हते. रॅम वाढवली की झाले, असा निकाल देऊन ते नेपियर टाउनमधल्या दुकानातून चार जीबीची पट्टी घेऊन आले. लॅपटॉप उलटा केला, तळाचे झाकण काढले, जुन्या पट्टीशेजारच्या रिकाम्या खाचेत नवी बसवली. पडदा काळा. नवी काढली की लॅपटॉप पूर्वीसारखा चालू.

पट्टी खराब असणार, हे उघड होते. दुकानदाराने ती स्वतःच्या मशीनमध्ये लावून दाखवली. ती उत्तम चालली. "अंकल, लैपटॉप ले आइए, देख लेते हैं," असे तो म्हणाला, ते श्यामसुंदररावांना लागले. ते झाकण आजवर त्यांच्याशिवाय कोणी उघडले नव्हते.

शनिवारी दुपारी कुंदाताई तांदूळ निवडायचा चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या. त्यांनी खाचेत टॉर्च मारला.

"अहो, हे काय आहे?"

"अक्षता."

"इथे काहून?"

"जागा रिकामी होती."

खुलासा सरळ होता. कारखान्यात पूजा यंत्राची होते, त्याच्या झाकणाची नाही. म्हणून खंडेनवमीला ते पेचकसाने तळ उघडून हळदकुंकू थेट आतल्या भागाला वाहत. ती खाच त्यांना देवळीसारखी दिसली. देवळी रिकामी ठेवू नये.

"दरवर्षी?"

"नागा नाही केला. पण कोरडंच वाहिलं," ते म्हणाले. विजेच्या वस्तूला ओले लावू नये, एवढी खबरदारी त्यांनी घेतली होती.

सुई घेऊन कुंदाताईंनी तांदळाचे दाणे एकेक करून काढले. श्यामसुंदररावांनी कोरड्या ब्रशने कुंकू झाडले, पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने पुसले आणि ती पुन्हा बसवली. कट् आवाज आला. पडदा उजळला.

रविवारी सगळी मुले पडद्यावर आली आणि कोणी गोठले नाही. सगळ्यात मोठी अडचण विनताच्या मुलाची झाली. आजवर त्याची पाळी आली की चित्र अडकत असे, आणि तो सुटत असे.

"काय करतो आहेस रे?" कुंदाताईंनी विचारले.

त्याने बराच वेळ चित्र अडकण्याची वाट पाहिली. मग म्हणाला, "मी... बसून राहिलो."

कुंदाताईंनी जन्मभर शाळेत पुस्तकी मराठी, म्हणजे 'मी बसलो आहे', शिकवली होती. त्या "छान" म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. चित्रकलेचा विषय विनताने पुन्हा काढला नाही.

खंडेनवमीला श्यामसुंदरराव पाटावर लॅपटॉप उलटा ठेवायला लागले, तेव्हा कुंदाताईंनी तो सरळ करून मिटला आणि वर बोट ठेवले.

"झाकणाला?"

"झाकणालाच. उद्या वर्ग आहे, दिवाळीचे शब्द घ्यायचे आहेत."

श्यामसुंदररावांनी थोडा विचार केला आणि झाकणाला कुंकू लावले. पेचकसाची पूजा वेगळी झाली. ती झाल्यावर कुंदाताईंनी पेचकस उचलून आपल्या कपाटात ठेवला.