बायको-मुलगी वाढली, टॅक्स तेवढाच

सोमवारी ऑफिसला आले, तर एस्टिमेट क्लायंटकडे जाऊनही बसलं होतं. भोयरच्या फाइलमध्ये बायको आणि मुलगी वाढली होती, आणि टॅक्सचा आकडा जागचा हलला नव्हता.

माझं काम सोपं करून सांगते. एखादी कंपनी, म्हणजे आमचा क्लायंट, आपला माणूस परदेशी पोस्टिंगवर पाठवते, तेव्हा त्याच्यावर एकूण किती खर्च येईल ते आम्ही नागपुरात बसून काढतो. पगार, घरभाडं, मुलांची शाळा, तिकिटं. तिथला टॅक्सही कंपनीच भरते. वर गंमत अशी, की कंपनीने भरलेला टॅक्ससुद्धा त्या माणसाची कमाई धरतात आणि त्यावर पुन्हा टॅक्स लावतात. याला ग्रॉस-अप म्हणतात. मोठ्या देशांचे दर सॉफ्टवेअरमध्ये असतात, हिशेब आपोआप होतो. भोयर चालला होता आफ्रिकेतल्या एका लहान देशात. तिथले दर आमच्याकडे नव्हते. अशा वेळी तिथल्या कन्सल्टंटकडून आकडा मागवायचा आणि हाताने भरायचा. हा भरलेला आकडा सॉफ्टवेअर कधीच बदलत नाही. तुम्ही घर मोठं करा, शाळा जोडा, तो तसाच राहतो.

मी आकडा मागवला होता एकट्या भोयरसाठी. नंतर मी सुटीवर असताना क्लायंटने फॅमिलीचं विचारलं. आमच्या वानखेडे सरांनी स्वतःच दोन माणसं वाढवली आणि फाइल पाठवून दिली.

मी तडक केबिनमध्ये गेले.

“सर, टॅक्स जुनाच आहे. घर आणि शाळेवरही तिथं टॅक्स लागतो. एस्टिमेट परत मागवा.”

“काहून? क्लायंट खुश आहे. अप्रूव्हल पण आलं.”

“म्हणूनच म्हणते. तो बायको-मुलीला घेऊन निघेल.”

“तू उगाच टेन्शन घेऊन राहिली. नवीन आकडा आला की रिव्हाइज्ड पाठवू. आता मागं घेतलं तर आपली काय इज्जत राहील?”

इज्जत! मी कन्सल्टंटला मेल टाकला. क्लायंटला फोन करायला गेले, तर सर म्हणाले, क्लायंटशी फक्त मी बोलणार. आणि त्यांनी क्लायंटला काहीच कळवलं नाही.

कन्सल्टंटने आपल्या सवडीने, महिन्याभराने उत्तर दिलं. टॅक्स दुपटीच्या वर गेला होता. क्लायंटचा निर्णय एका ओळीत आला: फॅमिली कॅन्सल, भोयरने एकट्याने जावं, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे.

दुसऱ्या दिवशी भोयर स्वतः आला. नरखेडकडचा, पंपांचा इंजिनिअर. त्याने आवाज चढवला नाही, तेच मला जास्त लागलं.

“मॅडम, मिसेसनं शाळेतली नोकरी सोडली ना. पर्मनंट होती. पोरीचं नाव काढलं, घर खाली केलं. आता मले सांगा, घरी काय सांगू?”

सर म्हणाले, “भोयरजी, एस्टिमेट म्हणजे अंदाजच असतो ना.”

“तुमच्यासाठी असन, सर. आम्ही तर त्याच्यावर घर सोडलं.”

सरांनी चहा मागवला. तो न पिताच भोयर उठला.

तो एकटाच गेला. बायकोच्या जागेवर शाळेने दुसऱ्या बाई घेतल्या होत्या. ती आता मुलीला घेऊन सासरी राहते आणि शिकवण्या घेते. आमच्याकडे सगळं पूर्ववत सुरू आहे, क्लायंटही टिकला.

एस्टिमेट कितीही वेळा रिव्हाइज करता येतं. त्याच्या भरवशावर दिलेला राजीनामा नाही.