भावकूचं नाक

निपाणीच्या तंबाखूबाजारात सन तीसच्या आसपास भावकूच्या नाकाचा मोठा दबदबा होता. शेतकऱ्यानं वखारीत पोतं सोडायचं, भावकूनं मूठभर पानं उचलून नाकाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "अकोळच्या रानातली. पावसात भिजवलीस की रं." शेतकरी ओशाळून मान हलवायचा आणि वखारीचा शेठ त्यावर भाव ठरवायचा. पुन्हा एकदा वास घे, असं त्याला कधी कुणी म्हणालं नाही.

त्याची बायको रुक्माबाई पाणवठ्यावर या नाकाच्या बढाया मारी. "आमच्या घरात काय लपवायची सोय न्हाय, बायांनो. दूध लागलं तर त्यास्नी गल्लीच्या तोंडालाच कळतंय." मूलबाळ नव्हतं, शेतभात नव्हतं. मिरवायला नवऱ्याचं नाक तेवढं होतं. मिरवू दे बापडीला, म्हणून बाया ऐकून घेत.

आणि ते नाक मेलेलं होतं.

चौदा वर्षं तंबाखूच्या धुळीत काढल्यावर एका थंडीत भावकूला पडसं झालं. पडसं गेलं, पण वास परत आला नाही. त्यानं सुंठ ओढली, ओव्याची पुरचुंडी हुंगली, महिनाभर वाट बघितली. मग त्याच्या ध्यानात आलं, की नाकावाचून अडत नाही. अंगठ्याखाली पान चोळलं की त्याचा चिकटपणा कळतो, रंग दिसतो, आणि शेतकऱ्याचा चेहरा तर सगळ्यात आधी बोलतो. नाकाला मूठ लावायचं सोंग त्यानं तेवढं चालू ठेवलं. शेठला सांगायची सोयच नव्हती. रुक्माबाईला सांगायला हवं होतं, पण तिला कळलं की पाणवठ्याला कळणार आणि पाणवठ्याला कळलं की वखारीला. शिवाय तिच्या बढाया कानावर आल्या की त्याला बरं वाटायचं, हे मी त्याच्या वतीनं कबूल करून टाकतो. अशी चार वर्षं गेली.

हे सगळं मला माझ्या आत्यानं, बायाक्कानं सांगितलं. ती त्यांची शेजारीण, दोन घरांत एकच भिंत. पुढचं तर तिच्या डोळ्यांदेखतच घडलं.

पाचव्या वर्षी रुक्माबाईच्या छातीत गाठ आली. तिनं कुणाला दाखवली नाही. त्या काळची बाई असलं दुखणं वैद्याला दाखवीत नसे, नवऱ्यालाही दाखवताना चार वेळा विचार करी. गाठ वाढली, फुटली, पाणी येऊ लागलं आणि त्याला वास सुटला. तिनं कडुलिंबाचा पाला ठेवून वरून चिंध्या बांधल्या. मनात म्हणाली, आता हे विचारतील. ज्यांना बंद पोत्यातली तंबाखू कळते, त्यांना हे कळल्याशिवाय कसं राहील? विचारलं की दाखवायचं, असं तिनं ठरवलं.

भावकू जेवला, पान खाल्लं आणि वखारीला गेला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवसांनी तिनं मनाशी निकाल लावला, की यांना कळलंय आणि किळस आलीय, म्हणून बोलत नाहीत. तिनं आपली वाकळ उचलली आणि परसातल्या छपरात शेळीजवळ नेऊन टाकली. "आत उकडतंय," म्हणाली. भावकूला वाटलं, हिनं कशाचा तरी राग धरलाय. कशाचा, ते त्यानंही विचारलं नाही.

आमच्या भागातल्या माणसांचा मला या एका बाबतीत भयंकर संताप येतो. वीतभर बांधासाठी भर बाजारात एकमेकांचे आईबाप उद्धरतील, पण घरच्या माणसाला "काय झालंय तुला?" एवढं विचारताना यांची दातखीळ बसते. पाच महिने ती दोघं एका घरात अशी राहिली. ती ताट वाढून बाजूला सरायची, तो खाली मान घालून जेवायचा.

वास भिंतीपलीकडे बायाक्काला येत होता. तिनं दोनदा विचारलं तर रुक्माबाई म्हणाली, शेळीला जखम झालीया. शेळी विकली गेली आणि वास राहिलाच, तेव्हा बायाक्कानं सकाळी वखारीला निघालेल्या भावकूला दारातच धरलं.

"भावकू, त्वांडावर नाक हाय का खुंटी रं तुझ्या? घरात बायको कुजाय लागलीया, आणि तू लोकांची पानं हुंगत हिंडतोयस?"

भावकू तसाच मागं वळून परसात गेला. बायाक्का सांगायची, त्यानं तिच्या छातीवरची चिंधी सोडली आणि जखम डोळ्यांनी बघितली. त्याच दिवशी त्यानं तिला मोटारीत घालून मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, पाच महिन्यांपूर्वी आणली असती तर काही करता आलं असतं. तिसऱ्या दिवशी दोघं परत आली.

रुक्माबाई पुन्हा छपरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. भावकू पाण्याचा तांब्या घेऊन गेला तर म्हणाली, "जवळ येऊ नगासा. इतकं दिस वास घेऊन गप बसलासा, आता कशाला आलासा?"

मरणाचं तिला एवढं दुःख नव्हतं, हे भावकूला तेव्हा कळलं. आपल्या माणसाला आपली किळस आली, हे घेऊन ती निघाली होती.

"मला वास येत न्हाय, रुक्मा," तो म्हणाला. "चार वरसं झाली. नाक मेलंय माझं."

"माझी समजूत काढू नगासा. मागल्या आठवड्यात जत्राट गावची पोती कुणी वळखली?"

"अंगठ्यानं वळखली. देवाशपथ."

"मरणाऱ्या माणसासंगं तरी खोटं बोलू नगासा वो."

बायाक्का दाराशी उभी होती. तिनं घरातनं हिंग आणला, भावकूला डोळे मिटायला लावून नाकाशी धरला. काय न्हाय, तो म्हणाला. "सोंग करत्यात," रुक्माबाई म्हणाली. मग ती स्वतःच कोपरावर उठली. सकाळची सोडलेली चिंधी तिनं उशाखालून काढली आणि नवऱ्याच्या नाकाशी नेली. बायाक्का पदर तोंडाला लावून बाहेर पळाली आणि उंबऱ्यापलीकडून बघत राहिली.

भावकूनं भरपूर श्वास आत ओढला. चिंधी त्याच्या ओठाला लागली होती. त्याची भुवईसुद्धा हलली नाही. मग सवयीप्रमाणं त्यानं स्पर्शावरून अंदाज बांधला.

"ओलं लागतंय," तो म्हणाला. "फूल हाय काय? शेवंतीचं?"

रुक्माबाईनं हात खाली घेतला. मिरजेत रडली नव्हती, ती आता हुंदके देऊन रडली.

"मग तुम्हास्नी माझी किळस न्हवती?"

"कशाची किळस गं? मला ठावंच न्हवतं."

बायाक्काला वाटलं, चला, बिचारीच्या जिवाला थंडावा मिळाला. मिळालाही. रुक्माबाईनं आपल्या हातानं त्याचे डोळे उघडले, तोंडावरनं हात फिरवला, वाकळ घरात न्या म्हणाली. त्या दिवसापासून जखम धुवायचं काम भावकूनं आपल्याकडं घेतलं आणि तिनं घेऊ दिलं. पण वाकळ उचलायला तो वाकला, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं.

"म्या तुमच्या इचारायची वाट बघितली वो. नाक न्हाय म्हणून एकदा सांगितलं असतंसा, तर म्या तवाच दाखवलं असतं."

भावकूनं वाकळ घरात नेऊन आपल्या अंथरुणाला लागून टाकली. बारा दिवसांनी ती त्याच वाकळीवर गेली.