भाऊजींनी काढून टाकलेला डोंगर

माझे भाऊजी जमीन मोजणी खात्यात अडतीस वर्षं नकाशे काढत होते. इतका सरळ माणूस, की जेवताना ताटसुद्धा टेबलाच्या मधोमध लागायचं. नकाशात कधी एक रेघ खोटी मारली नाही, आणि सरकारी कागदावर लिहिलेलं कधी खोटं मानलं नाही. या दुसऱ्या गुणानंच घात केला.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, टपालाचं छोटं विमान चालवायचा. चार वर्षांपूर्वी धुक्यात उतरताना डोंगरावर आदळला आणि गेला. चौकशीच्या अहवालात लिहून आलं, वैमानिकाचा निष्काळजीपणा. भाऊजींनी तो अहवाल दहादा वाचला आणि भरल्या घरात सुनेला म्हणाले, "डोंगर नकाशावर होता. त्यानं बघायला हवा होता." कुठे काय बोलावं याची पोच नसणं म्हणतात ते हे. ती नातीला घेऊन गेली ती गेलीच. मला त्यांचा इतका संताप आला होता, की वर्षभर मी त्या घराची पायरी चढलो नाही.

पण सख्खी बहीण तिथे, तोडून तुटते थोडीच. शिवाय माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, आणि निवृत्त झाल्यावर भाऊजींनी विमान उडवायचा एक फुकटचा प्रोग्राम घेतलेला. जगभरचे हौशी लोक मिळून तो बनवतात. कुणीही आपली भर घालावी, विमानं म्हणा, धावपट्ट्या म्हणा, डोंगरदऱ्या म्हणा. फक्त आपल्या फाइली वेगळ्या फोल्डरात ठेवायच्या, नाहीतर नवी आवृत्ती टाकली की सगळं स्वाहा. आणि एकाच जागेचे दोन नकाशे असले, तर यादीत जो फोल्डर वर, त्यातला खरा.

भाऊजींच्या यादीत सगळ्यात वर असायचा 'दुरुस्ती'. एकदा मी तो उघडला. आत एकच मुलूख, भाचा जिथे गेला तो. तिथला डोंगर भाऊजींनी काढून टाकला होता. रोज दुपारी चारला, अहवालात होतं तेवढंच धुकं लावून, तेवढ्याच उंचीवरून ते विमान आणायचे आणि सुखरूप उतरवायचे. मी कुणाला बोललो नाही. ताईलाही नाही.

परवाच्या रविवारी नवी आवृत्ती टाकायला मीच गेलो. फोल्डर परत जोडताना, आळस म्हणा की घाई, 'दुरुस्ती' तळाला गेला. भाऊजी नेहमीसारखे चारला बसले. मी शेजारी चहा पीत होतो. पडदा पांढराफटक होता. मग अचानक समोर काळं काहीतरी आलं आणि सगळं थांबलं. डोंगर परत आला होता.

माझी चूक झाली, आत्ता वर सरकवतो, असं मी म्हणत होतो. त्यांनी माझा हात बाजूला केला. पुन्हा निघाले, पुन्हा आदळले. तिसऱ्यांदा चष्मा पुसून, नाक पडद्याला लावून बसले, दिसला रे दिसला की विमान वर उचलायचं म्हणून. डोंगर कुठे आहे हे तोंडपाठ असलेला माणूस, तरी आदळलाच.

मग त्यांनी ताईला सुनेचा नंबर लावायला सांगितलं. चार वर्षांत तिचं नावही काढलं नव्हतं. ताईला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचा फोन कायम स्पीकरवर.

"कॉम्प्युटरवर तसंच धुकं लावून विमान उतरवून बघितलं. मला पण नाही दिसला गं डोंगर," भाऊजी म्हणाले. "माहीत असून नाही दिसला. त्याची काही चूक नव्हती."

मला वाटलं, आता ती रडेल. रडली नाही.

"तुम्हाला हे पटायला बघावं लागलं, बाबा," ती म्हणाली. "मला नव्हतं लागलं."

आणि तिनं फोन ठेवला. भाऊजी तरीही फोन कानाशी धरून "हो, हो" म्हणत राहिले.