पाणी प्यायल्यावर सांगू

मला सहसा कशाची किळस येत नाही. कपडे धुण्याचं दुकान चालवणाऱ्या बाईला ती परवडतही नाही. लोक माझ्या टेबलावर काय काय आणून टाकतात ते सांगितलं तर तुमच्या घशाखाली घास उतरणार नाही. घामानं कडक झालेले शर्ट, पोरांनी ओकून ठेवलेली पांघरुणं, महिनाभर जिममधल्या पिशवीत कोंबलेले मोजे. मी हुंगते, डाग कसला ते ओळखते आणि भिजत घालते. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची मात्र मला शिसारी येते. ती आजची नाही, ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसले तेव्हापासूनची आहे.

भावोजींना गावात सगळे कंट्रोलर म्हणतात. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या सोडायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, हे त्यांच्या नाकातल्या आवाजात ऐकून आमचे कान किटले. गाडी रिकामी गेली तरी चालेल पण उशिरा जाता कामा नये, ही त्यांची शिस्त. एकदा पुढचा पूल दुरुस्तीसाठी बंद आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण गाडी रद्द केल्याचा हुकूम हातात नव्हता, म्हणून कंट्रोलरांनी गाडी सोडली. ती पुलापर्यंत गेली, प्रवाशांनी खाली उतरून यथेच्छ शिव्या घातल्या आणि गाडी परत आली. ही गोष्ट ते आजही छाती फुगवून सांगतात. सुटली वेळेवर होती, म्हणतात.

निवृत्त झाल्यावर सोडायला बस उरली नाही, मग त्यांनी घरच्या गाडीला धरलं. ही गाडी म्हणजे एक प्रकरण आहे. सीटवरची कंपनीची प्लॅस्टिकची कव्हरं त्यांनी अजून काढलेली नाहीत. उन्हाळ्यात मांड्या चिकटतात आणि उठताना चरचर आवाज येतो. डांबरगोळ्यांचा वास, ओल्या टॉवेलचा वास आणि त्यावर भावोजींच्या केसांच्या तेलाचा वास. सिग्नलला गाडी थांबली की ते किल्लीच्या जुडग्यातली कपाटाची किल्ली कानात घालून फिरवतात, निघालेला ऐवज उजेडात धरून बघतात आणि पँटला पुसतात. शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा मी असते, कारण ताईला पुढं बसलं की मळमळतं. मला वाटतं, मळमळण्याचं खरं कारण तिनं कधी त्यांना सांगितलं नाही.

ताईची एकुलती एक मुलगी चिमी, परदेशात नोकरीला. ती येणार म्हटलं की कंट्रोलरांच्या अंगात येतं. आमच्या गावाहून विमानतळ म्हणजे दिवस मावळायला निघालं तर जेवायची वेळ टळून जाते, इतकं लांब. विमान संध्याकाळी उतरतं. शहाणी माणसं त्या शहरातच मुक्काम करतात आणि सकाळी निघतात. भावोजींना मुक्काम म्हणजे पराभव वाटतो. ज्यांना घर नाही त्यांनी लॉजवर झोपावं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे चिमी दरवेळी विमानातून उतरते ती थेट त्या प्लॅस्टिकवर, हातात उलटीची पिशवी आणि मांडीवर उकडलेली अंडी घेऊन.

या खेपेला तर त्यांनी ताळतंत्रच सोडलं. महिनाभर दुसरा विषय नाही. विमानतळाच्या कुठल्या खांबापाशी उभं राहायचं, सामान डिकीत कसं रचायचं, काच किती उघडायची, चहा कुठं, आणि लघवीला थांबायचं ते कुठल्या पेट्रोल पंपावर. त्यासाठी ते आदल्या आठवड्यात गाडी घेऊन सगळा रस्ता पाहून आले. वाटेतल्या स्वच्छतागृहांचे फोटो काढून आणले आणि माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या देखत मला एकेक दाखवले. हे भांडं बघ, हे त्यातल्या त्यात बरं आहे. त्या दिवशी ताई घरात पोट दाबून भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिच्या खोलीत जाताना हा माणूस नाकाला रुमाल लावायचा. औषधांचा वास सहन होत नाही म्हणे. दुसऱ्यांची भांडी मात्र वाकून वाकून बघत होता.

ताईच्या पोटात गाठ निघाली. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. तो दवाखाना विमानतळाच्याच शहरात. चिमीचं विमान उतरायच्या आदल्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली. मी दुकानाला कुलूप लावून ताईबरोबर चढले. भावोजी चढले नाहीत. उद्याची गाडी तयार करायची आहे, म्हणाले. टायरमध्ये हवा भरायची होती त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला आलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. ऑपरेशन उद्या सकाळी. आज या बोलतायत, माणसं ओळखतायत, ज्याला भेटायचं त्यानं आज भेटून घ्या, उद्याचं मी आज सांगू शकत नाही. ताईनं ते ऐकलं. रडली वगैरे नाही. माझा हात धरून एवढंच म्हणाली, की विमान उतरलं की चिमीला इकडंच घेऊन येशील ना. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं.

आता इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचा गाढवपणा तुम्हाला खरा वाटणार नाही. भावोजींच्या घरात वाटेवर असलेल्या माणसाला वाईट बातमी देत नाहीत. माणूस घरी पोचला पाहिजे, त्यानं पाय धुतले पाहिजेत, पाणी प्यायलं पाहिजे, मग सांगायचं. म्हणून चिमीला फोनवर आईचं पोट बिघडलंय, घरी आराम करतेय, एवढंच सांगितलेलं होतं. दुपारी ताईची नणंद माझ्या जागी बसायला आली आणि मी निघताना मला दारापर्यंत सोडत म्हणाली, पोरीला घरी नेऊन पाणी पाजून मगच सांगा हो. म्हातारी काहीतरी बरळतेय असं समजून मी जिना उतरले.

भावोजी मला घ्यायला दवाखान्याच्या फाटकाशी आले होते. वर आले नाहीत. गाडीचं इंजिन चालू, डॅशबोर्डवर अंड्यांचा डबा. मी म्हटलं, पाच मिनिटं वर जाऊन या, ती वाट बघतेय. त्यांनी किल्ल्यांकडं बघत सांगितलं की इथं गाडी लावू देत नाहीत. मागं अख्खं मैदान रिकामं होतं. मी चरचरत्या सीटवर बसले, कारण विमानाची वेळ होत आली होती आणि येताना त्यांना फरफटत वर नेता येईल असा माझा हिशेब होता.

विमानतळाच्या वाटेवर त्यांनी मला सगळा प्रवास पुन्हा म्हणून दाखवला. बाहेर पडल्यावर उड्डाणपुलाची डावी बाजू धरायची, टोलनाक्यानंतर पहिला चहा, मग तो बरा पेट्रोल पंप, मग सरळ घर. घरी शेजारणीनं गरम पाणी काढून ठेवायचं आहे.

"आणि ताई?" मी विचारलं.

"तिला उद्या. पोरगी आधी घरी जाईल, पाणी पिईल, मग नीट समजावून सांगू. पहाटे उठून परत येऊ."

हा माणूस पोरीला तिच्या आईच्या दवाखान्यावरून घरी नेणार होता, तिला पेलाभर पाणी पाजणार होता आणि तिची आई इथं आहे हे सांगून परत इथंच आणणार होता. तोवर ताईला आत घेतलेलं असणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्दाला शब्द ऐकवलं. ते म्हणाले, ठरलेलं आहे. मी म्हटलं, ठरलं तेव्हा ताई घरी होती. ते म्हणाले, म्हणून काय झालं, रस्ता तोच आहे. आणि सिग्नल लागला, आणि ती किल्ली कानात गेली. दार उघडून मी रस्त्यावर ओकले असते, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

विमान वेळेवर उतरलं. चिमी ढकलगाडी घेऊन बाहेर आली, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, हसत. बाबांच्या पाया पडली, माझ्या गळ्यात पडली. आई कशी आहे म्हणून विचारलं तर भावोजींनी झोपली असेल म्हणून सांगितलं आणि लगबगीनं बॅगा रचायला घेतल्या. मोठी आडवी, छोटी उभी. त्यांची पाठ आमच्याकडं होती. शर्ट घामानं चिकटलेला, तोंडानं पुटपुटणं चालू. खोटं बोलून इतक्या शांतपणे बॅगा रचणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला त्यांच्या पाठीचीसुद्धा घाण वाटली.

मी तिथल्याच एका दुकानातून पाण्याची बाटली घेतली, झाकण काढलं आणि चिमीच्या हातात दिली.

"पाणी पी."

तिनं घटाघट प्यायलं. आणि तिथंच, गाडीच्या उघड्या डिकीपाशी, मी तिला सगळं सांगितलं. गाठ, ॲम्ब्युलन्स, सकाळचं ऑपरेशन, आईचा निरोप. भावोजी वळले. घर यायचं होतं अजून, एवढंच म्हणाले. रागावून नाही, समोरून अचानक गाडी रद्द झाल्याचं कळावं तसं.

चिमीनं बाटली मला परत दिली. मला वाटलं होतं आता ही रडेल, किंचाळेल. ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, आपण कुठं चाललोय?"

"घरी."

"आई घरी आहे का?"

"नाही."

"मग घरी काय आहे?"

भावोजींनी डिकी लावली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. उड्डाणपूल आला. गाडी डाव्या बाजूलाच होती. शेवटच्या क्षणी त्यांनी उजवा दिवा लावला, मागच्या ट्रकनं कान किटेपर्यंत भोंगा वाजवला आणि आम्ही उजवीकडं, दवाखान्याच्या रस्त्याला लागलो. तोवर कुणी अंड्याला हात लावला नव्हता.

चिमी जिन्यावरून पळतच वर गेली. मायलेकींना एकमेकींजवळ सोडून मी नणंदेला चहा प्यायला पाठवलं आणि थोड्या वेळानं खाली आले. ताईनं विचारलं होतं, हे कुठायत. मी सांगितलं होतं, गाडी लावतायत.

मैदानात आता आमचीच एक गाडी होती. भावोजींनी मागचं दार उघडून सीटवरची प्लॅस्टिकची कव्हरं ओरबाडून काढली होती. ती त्यांच्या पायाशी पडली होती, वर्षानुवर्षांची माती आणि केस खालच्या बाजूला चिकटलेले. स्वतः ते आत गुडघे टेकून सीट आडवी करत होते आणि हातानं लांबी मापत होते. मला बघून म्हणाले, तिला घरी नेताना पाय लांब करता आले पाहिजेत. परतीचं ठरवायला घेतलंय.

दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या आलं नाही. मला एवढंच दिसलं की वर बायको जिवंत आहे, बोलतेय, आणि हा माणूस खाली सीट मापतोय. मी म्हटलं, वर चला. ते म्हणाले, मला तो वास सहन होत नाही. मग डब्यातून एक अंडं काढून माझ्यापुढं धरलं, तिला दे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री काही खायचं नसतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं, कारण विचारायला ते वर आलेच नव्हते. अंडं बुळबुळीत झालं होतं आणि त्याचा वास मारत होता. मी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"ताईनं जन्मभर तुमचे वास सोसले, भावोजी," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली आणि मला त्यांची कॉलर दिसली. आतून काळी, मेणचट. ताई कॉलर आधी साबणानं घासायची आणि मग शर्ट भिजवायची, माझ्या मशीनवर तिचा कधी विश्वास बसला नाही. ती आजारी पडल्यापासून या शर्टाला कुणी हात लावलेला नव्हता. मी तीच कॉलर धरली. बोटांना ओशट लागलं. तसंच धरून त्यांना मैदानातून, फाटकातून, लिफ्टमधून वर आणलं. दारापाशी त्यांनी खिशातला रुमाल काढला. मी तो हातातून काढून घेतला.

ताई उशीला टेकून बसली होती, चिमीचं डोकं तिच्या मांडीवर. तिनं नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कॉलर बघा किती मळलीय," ती म्हणाली.

भावोजी खाटेपाशी जाऊन वाकले. तिनं अंगठ्यानं कॉलर दोनदा पुसल्यासारखं केलं. तेवढ्यानं काही निघत नाही, हे तिलाही माहीत होतं. भावोजी तसेच वाकून राहिले आणि जन्मभर दुसऱ्यांना कधी निघायचं ते सांगणाऱ्या माणसानं तिला विचारलं, "आता काय करायचं?"

"बसा," ताई म्हणाली.

खुर्ची माझ्याकडं होती. मी ती पुढं सरकवली आणि हात धुवायला बाहेर गेले.