पंधरावी काठी

एकही स्पर्धा न जिंकता जगज्जेत्याच्या थाटात कसं राहावं, हे ज्याला शिकायचं असेल त्याने इंग्लंडात ब्रॅकनेलला आमच्या शेजारी राहणाऱ्या फ्रेंच गोल्फरकडे शिकवणी लावायला हवी होती. वीस वर्षं तो व्यावसायिक गोल्फ खेळला. या वीस वर्षांत त्याच्या घरात एकच करंडक आला, तोही आधीच्या भाडेकरूचा राहून गेलेला, डार्ट्सचा. त्यात तो कांदे ठेवायचा. पण सकाळी कचऱ्याचा बिन रस्त्यावर ठेवायला निघाला तरी अंगात कडक इस्त्रीचे कपडे, गळ्यात रुमाल, आणि चाल अशी की दोन्ही बाजूंना प्रेक्षक टाळ्या वाजवतायत. समोरच्या मांजराकडे बघूनसुद्धा तो टोपीला हात लावायचा.

आपल्या पराभवांवर त्याचा फार जीव. पोर्तुगालमध्ये तीन दिवस तो आघाडीवर होता आणि चौथ्या दिवशी एक बदक येऊन त्याच्या बॉलवर बसलं. त्याला उठवायला याने फ्रेंचमध्ये किती विनवण्या केल्या, ही गोष्ट पाऊण तासाची होती आणि आम्ही ती सहा वेळा ऐकली. "जिंकणाऱ्यांकडे सांगायला काय असतं?" तो म्हणायचा, "बॉल गेला, करंडक आला. माझ्याकडे बदक आहे!"

दिसेल ते अंतर पावलांनी मोजायची त्याला खोड होती. त्याच्या दारापासून आमचं दार एकोणीस पावलं. "वाऱ्याविरुद्ध एकवीस," हेही तो गंभीरपणे सांगायचा. थालीपिठाचा वास आला की ही एकोणीस पावलं तो नऊमध्ये संपवायचा, आणि थालीपिठावर चीज किसून घालायचा. माझ्या बायकोने हे पाप चालवून घेतलं, कारण तो तिला मादाम म्हणायचा. जेवण झालं की आमच्या हॉलमधल्या कार्पेटवर आमटीची वाटी आडवी ठेवून सराव. गोल्फच्या त्या काठ्यांना क्लब म्हणतात, आमच्या घरात त्या शेवटपर्यंत काठ्याच राहिल्या. त्यांतल्या लांब मारायच्या काठीला तो फ्रेंचमध्ये अरेतुरे करायचा आणि हळूच बॉल ढकलायच्या काठीला अहोजाहो. ते कळल्यावर बायको म्हणाली, "बघ, हा त्या काठीला अहो म्हणतोय आणि तू मला साधं प्लीज म्हणत नाहीस!"

मागच्या ऑक्टोबरात मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वर्षातली शेवटची स्पर्धा आमच्या जवळच्याच मैदानावर होती. पहिल्या तिसांत आला तर टूरचं कार्ड, म्हणजे पुढच्या वर्षी खेळायचा परवाना टिकणार, नाहीतर त्रेचाळिसाव्या वर्षी कारकीर्द संपणार. त्यात त्याची बॅग उचलणाऱ्या कॅडीची पाठ धरली. त्याच्या जागी बॅग उचलायला मी चार दिवस अॅन्युअल लीव्ह टाकली. लॅपटॉपपेक्षा जड काही न उचललेला आयटीवाला मी, पण मिरवत निघालो. आणि काय सांगू, पठ्ठ्या असा खेळला की तिसऱ्या संध्याकाळी चक्क बाविसावा होता!

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या हॉलमध्ये माझा लॅपटॉप, ड्रिल मशीन आणि बायकोचा मिक्सर पाटावर मांडलेले बघून त्याने विचारलं, "हे काय?"

"आज टूल्सची पूजा. ज्याच्यावर आपलं पोट चालतं ना, त्याला थँक यू म्हणायचं," बायकोने समजावलं.

तो पळत घरी गेला आणि सगळ्या काठ्या घेऊन आला. लहानपणी वडिलांनी दिलेली, कोपऱ्यात उभी असायची ती गंजकी लोखंडी काठीसुद्धा आणली. हळद-कुंकू, झेंडूचं एकेक फूल, सगळं साग्रसंगीत झालं. पूजेतली हत्यारं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाहीत म्हणून काठ्या आमच्याकडेच राहिल्या. दसऱ्याच्या सकाळी मी देवाला नमस्कार करून, कुंकू लागलेली प्रत्येक काठी भक्तिभावाने बॅगेत भरली.

"चौदा?" खेळ सुरू होण्याआधी त्याने विचारलं. बॅगेत चौदाच काठ्या चालतात आणि त्या मोजणं हे कॅडीचं काम.

"चौदा!" मी न मोजताच म्हणालो.

दुसऱ्या होलवर तो काठी काढायला वाकला आणि तसाच थांबला. वडिलांची काठी त्याच्या हातात आली होती. आजूबाजूला कुणी बघत नव्हतं. त्याने हात वर करून पंचांना बोलावलं आणि स्वतःच सांगितलं, "माझ्याकडे पंधरा आहेत." चार फटक्यांचा दंड झाला. उरलेला दिवस तो देवासारखा खेळला, आणि एका फटक्याने कार्ड गेलं. मला रडू आवरेना. तो म्हणाला, "नाक पूस, मित्रा. फोटो काढतायत."

दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे वीसेक माणसं होती. कुणीतरी त्याला विचारलंच, कार्ड कसं काय गेलं? मी चकल्यांचं ताट घेऊन त्याच्या शेजारीच उभा होतो. "काठ्या मोजायला विसरलो," तो हसून म्हणाला. "वीस वर्षं खेळून मला चौदापर्यंत मोजता येत नाही!" सगळे खो खो हसले. मी तोंड उघडलं, तर त्याने ताटातली चकली उचलून माझ्याच तोंडात घातली.

जानेवारीत तो फ्रान्सला परत गेला. आता तिथे शिकवतो म्हणे. त्या वीस जणांतले काही अजून भेटतात आणि तो वेंधळा फ्रेंच कसा आहे म्हणून विचारतात. तो मजेत आहे, असं मी सांगतो. मोजलं मी नव्हतं, हे त्यांना सांगायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.