दौंडच्या गाडीत, शेजारी सुलभा सिस्टर

कापडाच्या दुकानात गठ्ठे लावत होतो तेव्हा आबांचा फोन आला. आबा म्हणजे सुलभा सिस्टरांचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. एरवी ते आधी जेवलास का विचारतात. त्या दिवशी नुसतं म्हणाले, "सिस्टर गेली रे तुझी..." मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. संध्याकाळी नेणार होते. शेठला सांगून मी शिरूरच्या स्टँडवर गेलो. दौंडची एसटी लागलेलीच होती. पायरीवर एक पाय ठेवला, दुसरा उचलेना. मागची माणसं मला बाजूला सारून चढली, गाडी निघून गेली. मी बाकावर बसून राहिलो. पुढची गाडी आली, तीही गेली... ज्या बाईनं मला पुन्हा गाडीत बसायला शिकवलं, तिच्या शेवटच्या दर्शनाला मी गाडीत बसता आलं नाही म्हणून पोचलो नाही.

मी हिंगोलीकडचा. आठवीतून शाळा सुटली, कामाला म्हणून इकडं आलो. शिरूरात खोली आणि सणसवाडीत कंपनी, रोज कंपनीच्या गाडीनं जाणं-येणं. एका पहाटे रात्रपाळी करून येताना ती गाडी उलटली. शेजारी माझ्या खांद्यावर डोकं टाकून लक्ष्मण झोपला होता. तो पुन्हा उठला नाही. मला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं, म्हणून सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. पण त्यानंतर मला गाडीत बसवेना. इंजिनाचा आवाज आला की हातपाय गार पडायचे. कुणी शटर जोरात ओढलं तरी मी खाली बसायचो. कंपनी सुटली. आई फोनवर विचारायची, "कवा येतूस रं बाप्पा?" सुट्टी नाही, म्हणायचो. गाव लांब, आणि चालत थोडंच जाता येतं...

खोलीवरची पोरं वाईट नव्हती. बिहारचा पप्पू म्हणाला, "आगे बैठा दो ड्रायव्हर के पास, डर निकल जाएगा." सगळ्यांनी उचलून मला टेम्पोत पुढं बसवलं, हसत, माझ्या भल्यासाठीच. टेम्पो हलला आणि मी दार उघडून उडी टाकली. गुडघा फुटला. त्याच पोरांनी मला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथं सुलभा सिस्टर भेटल्या.

पहिल्यांदा त्यांनी काय विचारलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "हात लावू का?" मला वाटलं, ही बाई चेष्टा करते. दवाखान्यात कुणी असं विचारतं का? पण त्या थांबल्या होत्या, कापूस हातात धरून. मी मान हलवल्यावरच त्यांनी जखम पुसली. "आता पट्टी बांधते. नको वाटलं तर सांग." मी नको म्हणालो, आणि त्या खरंच थांबल्या! अपघात झाल्यापासून माझ्या सांगण्यावर थांबलेलं ते पहिलं माणूस. पूर्वी त्या पुण्याला मानसिक आजारांच्या वॉर्डात नोकरीला होत्या. त्यांनीच मला डॉक्टरांकडं पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. अपघाताचं मात्र कधी खोदून विचारलं नाही. एकदा मीच लक्ष्मणचं सांगायला लागलो आणि मधेच अडकलो, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आज एवढंच. मी काय कुठं चालले न्हाई."

मग सुट्टीच्या दिवशी त्या मला स्टँडवर नेऊ लागल्या. आधी नुसतं बाकावर बसायचं, गाड्या बघायच्या. मग उभ्या गाडीत चढायचं आणि उतरायचं. हे नेहमीचंच झाल्यावर एक कंडक्टर वैतागला, "ओ बाई, चढता आन् उतरता. तिकीट कवा काढणार?"

"भाऊ, बघण्याचा कार्यक्रम चाललाय," सिस्टर म्हणाल्या. "पोराला गाडी पसंत तर पडू द्या!"

सगळी गाडी हसली. मीसुद्धा हसलो, किती दिवसांनी. पुढं ती पसंतही पडली, हळूहळू. न्हावऱ्यापर्यंत, मग चौफुल्यापर्यंत. एकदा मधल्याच फाट्यावर माझा जीव घाबरा झाला तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला लावली. उन्हात आम्ही दोघं रस्त्यानं चालत निघालो. मला लाज वाटत होती. त्या पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "न्हावरं काय पळून जातंय व्हय? पुढच्या आठवड्यात जाऊ." आणि गेलो. शेवटी दौंडलाही पोचलो, त्यांच्या घरी जेवलो. पण नेहमी त्या शेजारी असायच्या. निवृत्त होऊन त्या दौंडच्या घरी कायमच्या राहायला गेल्या, पाठोपाठ आजारी पडल्या. फोनवर म्हणायच्या, "एकटा ये एकदा. घाई न्हाई." ते एकदा काही झालंच नाही.

पुण्यानुमोदनाचा, त्यांना आदरांजली वाहण्याचा कार्यक्रमही होऊन गेला. मग एका रविवारी मी पुन्हा स्टँडवर गेलो. कंडक्टरला म्हणालो, "मला गाडीत भीती वाटते. दारापाशी बसू का?" आयुष्यात परक्या माणसाला हे पहिल्यांदा सांगितलं. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि सीटवरची आपली पिशवी उचलली. "बस की. लई झालं तर आवाज दे." शर्ट घामानं भिजला. दोनदा आवाज द्यावासा वाटला. दौंड आलं, आणि मी एकटा आलो होतो.

आबांनी पाणी दिलं. आतल्या खोलीत सिस्टरांचा फोटो, पुढं मेणबत्ती. मी हात जोडले. बाहेर येताना पायाला काहीतरी लागलं. दाराला टेकवलेली वीट होती, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शिवलेली. घरातल्या प्रत्येक दाराला तशीच एक. आजवर मी पाहिलीच नव्हती.

"तिनंच शिवल्यात," आबा म्हणाले. "वाऱ्यानं दार आपटाय नको. तुझ्यासारखी घाबरलेली पोरं येत्यात, दचकत्यात म्हणायची." त्यांनी पायानं ती वीट जरा बाजूला केली. "आता कोन येतंय... काढून टाकू म्हणतो. मलाच ठेच लागती."

घराच्या मागून रेल्वेचा भोंगा ऐकू आला. आमच्या हिंगोलीकडची गाडी दौंडवरूनच जाते.

"ऱ्हाऊ द्या, आबा," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात आईकडं जायचंय. जाताना येतो... येतानाही येतो."

आबांनी वाकून ती वीट पुन्हा दाराशी सरकवली.